मधल्या खोलीवरचा पत्रा

माझा डावा पाय मामींच्या स्वयंपाकघरात पोहोचला तेव्हा बाकीचा मी अजून पत्र्यावरच होतो.

झालं असं, की यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, परातीत पाय घेऊन धुवायचे, नवे कपडे द्यायचे आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून इतके खाऊ घालायचे की त्याला पाटावरून उठता येऊ नये, ही आमच्याकडची रीत. माझी सासुरवाडी इथंच, संभाजीनगरात, रेल्वे स्टेशनच्या अंगाला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. माझ्या डोक्यावरचे केस गेले, लेकीचं लग्न होऊन मला स्वतःला जावई आला, पण या दोघांच्या लेखी मी अजून कालच बोहल्यावरून उतरलेला आहे. मी आलो की मामा खुर्चीवरून उठतात. मामी डोक्यावर पदर घेतात. पाणी मागितलं तर सरबत येतं, आणि मी काहीही बोललो तरी ते खरं असतं. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरेसं आहे. माझं तर शाळेत भूगोल शिकवून आधीच थोडं फिरलेलं होतं.

त्या दिवशी नवा सदरा-पायजमा घालून मी धोंड्यांची वाट बघत बसलो होतो. मामा सहज बोलून गेले, "मागच्या पावसाळ्यात पत्रा जरा गळला बघा." बस्स. जेवण होईस्तोवर बघून येतो म्हणून मी शिडी लावली. "कशाला जावईबापू, ऊन लई हाय," मामा म्हणाले. पण अडवलं नाही. जावयाला अडवत नसतात.

वर जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे. पावसानं काळे पडलेले, कडेला दगड ठेवलेले, एका कोपऱ्यात गतप्राण कूलर. अशा पत्र्यावर चालायचा एकच नियम. बोल्टांची रांग दिसते तिथंच पाय द्यायचा, कारण त्याच्याखाली लाकूड असतं. हा नियम मला माहीत होता. इतका माहीत होता, की मागच्या अंगणात उभ्या असलेल्या मामांना मी तो मोठ्यानं समजावून सांगत होतो. आणि समजावता समजावता मास्तर फळ्यापासून एक पाऊल मागं सरकतो, तसा सरकलो.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. मामी गॅसपाशी भजी तळत होत्या. वरून आधी धूळ आली, मग पत्र्याचे तुकडे, आणि त्यांच्यामागून गुडघ्यापर्यंतचा एक पाय. मामींनी कढई बाजूला ओढली, वर बघितलं आणि पायाला बघून डोक्यावर पदर घेतला.

बायको शेजारीच पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आई, घाबरू नको. आपलंच माणूस आहे. टाचेच्या भेगा बघ."

मला वरून काढून खाली आणलं. मामांनी पाय परातीत घेऊन धुतला. तो आता खरोखरच धुण्यालायक झाला होता. वर हळद लावली. रीत आणि औषध एकाच चिमटीत उरकलं. मग दोन-चार धोंडे पोटात गेले तसा गेलेला धीर परत आला आणि मी जाहीर करून टाकलं, "मामी, पावसाळ्याच्या आधी हे छप्पर मी नवं करून देतो."

बायकोला दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं होतं. आमची लेक तिथं असते, तिला दिवस गेलेले, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिच्याकडं थोडे दिवस राहून मग तिला घेऊन यायला बायको जाणार होती. गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून बजावलं, "आईला विचारल्याशिवाय तिथलं काही करू नका."

"विचारीन की."

आणि मी खरंच विचारलं. तोच तर घोळ झाला.

आधी घर सांगतो. लांबट घर. पुढची खोली गल्लीकडं, मागं स्वयंपाकघर आणि इवलंसं अंगण, आणि दोन्हींच्या मध्ये मधली खोली. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळं मधल्या खोलीला खिडकी नाही. घर बांधलं तेव्हा मामांनी तिच्यावर सिमेंटच्या पत्र्यांच्या रांगेत एक फायबरचा पत्रा बसवला होता, आरपार उजेड येणारा. तो आता जुन्या कागदासारखा पिवळा पडला होता, तरी उजेड देत होता. सकाळी तो उजेड भिंतीवर असायचा, मग हळूहळू खाली उतरून दुपारपर्यंत दाराकडं सरकायचा. आणि त्याच्याबरोबर मामी सरकायच्या.

कारण मामी गोधड्या शिवतात. पोटासाठी नाही, त्यांना दुसरं काही करवतच नाही म्हणून. जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरायची, काठापासून आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायच्या, बोटभराच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं पहिलं अंथरूण मामींच्या हातचं. माझ्या बायकोचं, माझ्या मेव्हण्याचं, आमच्या लेकीचं. आता लेकीच्या लेकराची पाळी होती आणि त्याची गोधडी मधल्या खोलीत अर्धी होऊन पडली होती. मामींच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वरून उजेड पडला तर त्यांना सुईच्या नाकातला दोरा दिसतो. समोरून दिव्याचा आला तर हाताची सावली पडते आणि सगळं बुडतं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. सूर्य कुठून उगवतो, उत्तरायणात कुठं सरकतो, सावली कधी आखूड होते, हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतोय. पण सासूबाई कुठल्या उजेडात बसतात, हे पुस्तकात नव्हतं.

पत्रे बसवणारा मिस्त्री आला. छावणीकडचा, तोंडात सतत तंबाखू, बोलण्यात सतत मध. त्यानं शिडीवरूनच छप्पर बघितलं, माझ्या पायानं पाडलेलं भोक बघितलं आणि हसू दाबत विचारलं, "जमाईसाब, ये दरवाजा आपनेच निकाला क्या?"

जुने पत्रे काढायचे म्हटले तर घर आठवडाभर उघडं पडणार. गंजलेले बोल्ट सहजी निघत नाहीत, ओढाताणीत भिंतीची वरची वीट ढिली होते, आणि या जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा भुगा छातीला वाईट, असं मिस्त्रीचं म्हणणं. मामींना भुग्यापेक्षा उघड्या घराची धास्ती जास्त होती. "देव्हारा हाये, गहू हायेत, हांथरुणं हायेत. उघडं घर नका करू." त्यांची तेवढी एकच अट. म्हणून ठरलं, की जुनं छप्पर जागच्या जागी ठेवायचं. जुन्या लाकडाला धरून त्याच्यावर लोखंडी पाइप आडवे टाकायचे आणि पाइपावर नवे रंगीत पत्रे आवळायचे. जुन्यावर नवं, मध्ये वीतभर हवा. हवेच्या थरानं उष्णता कशी अडते हे मी मामांना चहा निवेपर्यंत समजावलं. मामा प्रत्येक वाक्याला "व्हय व्हय" म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजी गोधडीवानीच की." मला ते उदाहरण फार आवडलं. वर्गात सांगायचं ठरवलं. त्या गोधडीच्या पुढं काही सुचलं नाही.

मग चितेगाव. पैठण रोडवर तिथं पत्रा हव्या त्या लांबीचा कापून देतात. मापं मी स्वतः घेतली होती आणि, हे सांगायलाच हवं, बरोबर घेतली होती. रंगही मीच निवडला, दुधी. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "उजेडाचे पत्रे किती टाकायचे? पारदर्शक?"

"एकही नको," मी म्हणालो. "गळती तिथूनच सुरू होते."

हे अगदीच खोटं नव्हतं. मामांच्या घरात पाणी त्या पिवळ्या पत्र्याच्या जोडातूनच येत होतं. तरी येताना मी सासुरवाडीला थांबलो, बायकोला शब्द दिला होता ना. मामी तिथंच, मधल्या खोलीत, उजेडाच्या चौकोनात मांडी घालून बसलेल्या. मला बघून सुई थांबली, पदर डोक्यावर गेला.

"मामी, आता गळायची भानगडच मिटवली. वर सलग पत्रा. कुठं जोड नाही, कुठं फट नाही."

मामींनी वर बघितलं. "मधल्या खोलीचं कसं मग?"

"इथं ट्यूबलाइट लावून देतो. चांगल्या दोन लावतो."

मामी गोधडीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

मराठीत 'बरं' म्हणायच्या किती तऱ्हा आहेत! मान्य आहे म्हणून बरं, ऐकलं म्हणून बरं, आता उठा म्हणून बरं, आणि तुम्ही जावई पडलात म्हणून बरं. मी पहिलं ऐकलं. मामा मागून म्हणालेच, "जावईबापू म्हणत्यात ना, मग झालं."

काम सुरू झालं आणि खरं सांगतो, ते दिवस मजेत गेले. शाळेला सुट्टी. सकाळी मिस्त्री आणि त्याचा जोडीदार येत. जुन्या पत्र्यावरचे दगड उतरले, कूलर उतरला, कुणाची कधीची एक चप्पल उतरली, तिचा जोड मामांनी पलंगाखालून काढून दाखवला. मला कामाला हात लावायची बंदी होती. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत माझी खुर्ची, खुर्चीला उशी, उशीला स्वच्छ अभ्रा. तिथं बसून मी सगळ्या सूचना द्यायचो. "मिस्त्री, वॉशर नीट दाबा!" "हौ जमाईसाब." "मिस्त्री, वाऱ्याची दिशा बघा, पत्र्यावर पत्रा चढवताना तोंड वाऱ्याकडं नको!" "हौ जमाईसाब, आप बोले तो पत्थर की लकीर." तो माझं किती ऐकायचा आणि किती पहिल्यापासूनच तसं करत होता, हे मी शोधायला गेलो नाही. सुख शोधून बघू नये.

मधल्या खोलीवर पत्रा यायचा होता त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. फळी टाकून घेतली, तिच्यावरून पोटावर सरपटत पुढं गेलो. पाय मागं, डोकं पुढं, म्हणजे या वेळी काही पडलंच तर निदान तोंड दिसेल. त्या पिवळ्या पत्र्यातून खाली बघितलं. मामी धूसर दिसत होत्या, मांडीवर लाल-हिरव्या ओळी पसरलेल्या. मला वाटतं, माझी सावली पडली म्हणून त्यांनी वर बघितलं. मी हात हलवला. त्यांनीही हात वर केला, पण सुई होती म्हणून अर्धाच. मग मिस्त्रीनं दुधी पत्रा सर्रकन पुढं सरकवला आणि खालचं चित्र कडेकडेनं मिटत गेलं.

मी म्हणालो, "वा! काय बसलाय!"

खालून स्विच दाबल्याचा आवाज आला.

छप्पर झालं. गल्लीतले लोक बघून गेले. घर खरंच गार झालं, दुपारी पंखा कमी करावा लागला. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला पाइपापासून सांगायचे, "आमच्या जावईबापूंनी केलं." बायकोचा पुण्याहून फोन यायचा. आईला विचारलं की ती म्हणायची, "लई झ्याक झालंय." मला विचारलं की मी त्याहून लांब सांगायचो. शाळा सुरू झाली तेव्हा मी नव्या वर्गाला उष्णतारोधन शिकवून टाकलं, अभ्यासक्रमात नसताना.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. म्हटलं, जरा सासुरवाडीला जावं, छप्पर बघावं, म्हणजे सरबत मिळेल. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता, त्याच्या मागं मी गाडी लावत होतो आणि पलीकडून आवाज ओळखीचा वाटला. वाकून बघितलं. मामी दाराबाहेर, गटाराच्या फरशीवर पोतं टाकून बसल्या होत्या. मांडीवर गोधडी. डोक्यावर ऊन. स्कूटर आली की त्या गोधडी दोन्ही हातांनी पोटाशी गोळा करायच्या, गेली की पुन्हा पसरायच्या, आणि कुठपर्यंत आलो होतो ते बोटानं चाचपत राहायच्या. शेजारीण पाण्याची घागर घेऊन थांबली होती.

"काय वो मामी, जावयानं घर लई गार केलं म्हणत होता, आन तुमीच बाहेर?"

"वारं खाते जरा."

"वारं खाताय? आन गोधडी बी वारं खाती व्हय? आत सुई दिसंना म्हणा की!"

"हळू बोल गं बाई. कानावर जाईल त्यांच्या. पोरानं एवढ्या हौसेनं केलंय."

मी टेम्पोमागं उभा होतो. मला 'पोरानं' म्हणून कुणी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. ते ऐकून बरं वाटावं की गोधडीकडं बघून वाईट, हे ठरेना, म्हणून दोन्ही वाटलं. गाडीचा हॉर्न वाजवून समोर आलो. मामी लगबगीनं उठल्या, पदर घेतला, गोधडी पोत्यात गुंडाळली. घुंगट घेतल्यासारखी गोधडी लपवली हो त्यांनी!

मी सरळ मधल्या खोलीत गेलो. दोन्ही ट्यूब लावल्या. खाली बसलो, खिशातला रुमाल मांडीवर घेतला आणि पिनेनं टाका घालायचा प्रयत्न केला. माझ्याच हाताची सावली नेमकी टाक्यावर. हात फिरवला, सावली फिरली. भूगोल झाला.

"मामा," मी बाहेर येऊन म्हणालो, "चूक झाली माझी. मधल्या खोलीवर उजेडाचा पत्रा टाकायला पाहिजे होता."

मामा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "छ्या छ्या! जावयाची कशी चूक हुईल?"

"झालीय मामा."

"पत्र्याची झाली आसंल."

"पत्रा मीच सांगितला."

"मग मिस्त्रीची."

"मिस्त्रीनं मी सांगितलं तेच केलं."

मामा अडचणीत आले. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. शेवटी म्हणाले, "हे तर दिवाळीचा बोनस दिल्यागत झालं, जावईबापू. तिला आत बसून बसून वैताग आला व्हता. जरा बाहेरची हवा लागती."

मी मामींकडं वळलो. "मामी, खरं सांगा. दिसतं का आत?"

मामींनी एकदा मामांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "दिसतं की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "दिसायला दिसतं. पांढऱ्यावर पांढरा टाका तेवढा दिसत नाय."

बाळाची गोधडी आतून पांढरीच असते.

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. "मुझे मालूम था, जमाईसाब," तो खुशीत म्हणाला, "उधर अंधेरा होनेवाला है."

"फिर बोले कायकू नहीं?"

"जमाई को कौन बोलता, साब?"

चितेगावला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. आमच्या पत्र्याच्याच पन्हळीचा पारदर्शक पत्रा मिळाला. तो इतका हलका, की अॅपे रिक्षात मागं टाकला तर पैठण रोडच्या वाऱ्यानं उडून जाईल, म्हणून त्याला धरायला मी मागं बसलो. पत्रा वाकवून उभा धरलेला आणि मी त्याच्या आत. सिग्नलला शेजारच्या गाडीवरच्या माणसानं माझ्याकडं शोकेसमधल्या मिठाईकडं बघावं तसं निरखून बघितलं. आमच्या शाळेतले एक सहकारी रस्त्यात दिसले, त्यांनी नमस्कार केला. मी आतून केला.

तोवर बायको लेकीला घेऊन आली होती. लेक घरी पाय वर करून पडली आणि बायको माझ्यासोबत माहेरी. तिनं मधल्या खोलीत जाऊन एकदा ट्यूब बंद केली. अंधारात उभी राहिली. मग लावली. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "शिडी मी धरते."

मिस्त्रीनं दुधी पत्र्यांतला एक उकलला, खालचा पिवळा फायबर काढून टाकला, आणि मधल्या खोलीत कितीतरी दिवसांनी थेट आभाळ उतरलं. मी पुन्हा फळीवर पोटावर. खाली मामी. पारदर्शक पत्रा कुठं बसवायचा ते एक-दोन पन्हळी इकडंतिकडं सरकवून ठरवता येणार होतं. मी आज शहाणा झालो होतो. वरून ओरडलो, "मामी, तुम्ही बसता तिथं बसा. उजेड कुठं पाहिजे ते तुम्ही सांगा!"

मामींनी गोधडी अंथरली. मामा दारात उभे. मामी म्हणाल्या, "तिथंच ऱ्हाऊ द्या, बरंय."

"असं नको मामी. नीट सांगा."

"मग... जरा भितीकडं घ्या जावईबापू."

मी सरकवला. भिंतीकडं म्हणजे माझ्या डावीकडं. पण मी उलटा पडलेला, त्यामुळं माझं डावं कुठलं हा प्रश्न होताच.

"तिकडं नाय, जावईबापू. भितीकडं."

सरकवला.

"आवं दाराकडं कशाला नेता! भितीकडं म्हणते ना!"

"ही का?"

"आरं, ती न्हाय! माझ्या पाठीमागची! तिकडं सरक की! आन तू उजेडात डोकं घालू नको, बाजूला हो आधी!"

मामांनी दाराची चौकट धरली. "अगं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "जावई हायेत ते!"

"मग? जावयाला डावं-उजवं कळू ने व्हय?" मामींचा हात अजून माझ्याकडं रोखलेला होता. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "इतकी वर्षं त्यो उजेड दाराकडं पडत व्हता, दुपारी मान वाकडी करून शिवायची म्या. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, पत्रा बसलाय आता. आज सरकतोय तर सरकवून घेते. थांब! हां, तिथं. आता हलू नको!"

मी हललो नाही. फळीवर पोट, कुशीला स्क्रूचा डबा रुतलेला, मानेवर ऊन. मिस्त्री माझ्या अंगावरून वाकून पहिला स्क्रू आवळत होता आणि त्याचं हसू काही दाबलं जात नव्हतं. मामींना 'आरं' म्हणताना मी याआधी ऐकलं होतं, पण ते मेव्हण्याला. तो आला की त्या त्याला ओरडतात, त्याच्या ताटात वाढता वाढता ओरडतात, आणि तो जेवता जेवता ऐकत नाही. मला कायम त्याचा थोडा हेवा वाटत आलाय.

दोन छपरांमधली धूळ आत पडू नये म्हणून मिस्त्रीनं कडेनं पत्र्याची पट्टी मारली. आम्ही खाली उतरलो. मामींनी चष्मा काढून पुसला, सुई उजेडात धरली, आणि दोरा एका झटक्यात ओवला. पांढऱ्यावर पांढरा टाका पडला, त्याच्या पुढं दुसरा. मी वाकून बघत होतो. मामी मान वर न करता म्हणाल्या, "उजेड सोड."

मी उजेड सोडला आणि बाहेर आलो. मामा मला खुर्ची द्यायला उठले, अर्ध्यावर थांबले, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा बसले. मी पायरीवर बसलो. सरबत आलं नाही, माठातलं पाणी आलं. मस्त गार होतं.

परत येताना रिक्षात मी गुणगुणत होतो म्हणे. बायको माझ्याकडं वळली.

"एवढं खूश होऊ नका," ती म्हणाली. "आई ज्याला अरे-तुरे करते ना, त्याला ती बाजारात पिटाळते. पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं सांगितलीत तुम्हाला. सुतीच आणा, नायलॉनचा आणलात तर परत पाठवीन म्हणालीय. आणि उद्या नाही, आजच. रिक्षा गुलमंडीकडं वळवायला सांगा."